छातीतील पोकळी : एका शस्त्रक्रियेचा इतिहास

फुप्फुसाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया पार पडली आणि शल्यविशारदांनी बाहेर येऊन 'सर्व ठीक झाले' असे सांगितले की घरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. नातलगांस निरोप जातात, नवस फेडले जातात, 'आता संकट टळले' असे सारेच समजतात. हा आनंद स्वाभाविक आहे. तथापि या शस्त्रक्रियेचा इतिहास पाहिला तर असे ध्यानात येते की ज्यांनी ती घडविली, त्यांना स्वतःला शस्त्राइतकीच चिंता शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांची होती. फुप्फुस कापून काढण्याचे धाडस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. परंतु ते काढल्यानंतर छातीत जी पोकळी उरते तिचे काय करावयाचे, हे शिकण्यास वैद्यकशास्त्राला आणखी अर्धे शतक लागले. ही कहाणी आपल्या किनाऱ्यावरील कुटुंबांनी जाणून घ्यावी असे वाटते. कारण मांडव्याच्या धक्क्यावरून मुंबईकडे निघणाऱ्या प्रवाशांत एक्स-रेची मोठी पाकिटे छातीशी धरून परळला जाणारे प्रवासीही असतात, आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांना परतावयाचे असते ते समुद्राच्या अलीकडे, रुग्णालयापासून दूर.

बाटलीतील पाणी

आपले फुप्फुस छातीत फुगलेले राहते ते भोवतालच्या पोकळीत असलेल्या कमी दाबामुळे. छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरते आणि फुप्फुस फुग्यासारखे मिटून जाते. हृदयाजवळ जाण्यास शल्यविशारद बिचकत, तसेच फुप्फुसाजवळ जाण्यासही बिचकत, ते याच कारणाने. १९०४ साली ब्रेस्लाऊ येथे फर्डिनांड सावरब्रुख या तरुण जर्मन शल्यविशारदाने एक विलक्षण उपाय योजला. त्याने कमी दाबाची एक खोलीच बांधली. रुग्णाचे धड आणि शस्त्रक्रिया करणारी मंडळी खोलीच्या आत, रुग्णाचे डोके मात्र बाहेर! पुढे श्वासनलिकेत नळी घालून दाबाने हवा देण्याची पद्धत आली आणि ही अवजड खोली मागे पडली. आजची भूलशास्त्रातील यंत्रे याच मार्गाने पुढे आलेली आहेत.

त्याही आधी, १८७५च्या सुमारास, हॅम्बुर्गच्या गॉटहार्ड ब्यूलाऊ या वैद्याने एक साधी युक्ती काढली होती. छातीत साचलेला पू बाहेर काढण्यासाठी त्याने एक नळी आत घातली व तिचे दुसरे टोक बाटलीतील पाण्यात बुडवून ठेवले. आतील हवा व द्रव बाहेर येऊ शकत. पाण्यामुळे बाहेरची हवा मात्र परत आत जाऊ शकत नसे. छातीच्या शस्त्रक्रियेनंतर आजही रुग्णाच्या खाटेखाली जी बाटली अथवा प्लास्टिकची पेटी दिसते, ती याच युक्तीचे नवे रूप होय. ती छातीच्या पातळीपेक्षा नेहमी खाली का ठेवावयाची आणि परिचारिका तिच्यातील बुडबुडे पुनःपुन्हा का पाहतात, हे आता वाचकांच्या ध्यानात येईल. बुडबुडे येत आहेत, याचा अर्थ छातीच्या पोकळीतून अजून हवा बाहेर पडत आहे. शस्त्रक्रियेनंतर पाच दिवस उलटूनही फुप्फुसाच्या कापलेल्या पृष्ठभागातून हवा गळत राहिली तर डॉक्टर तिला लांबलेली गळती म्हणतात. ती बहुधा आपोआप थांबते, परंतु जितके दिवस नळी राहते तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

सैनिकी छावणीतील धडा

१९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या पर्वात, अमेरिकेच्या लष्करी छावण्यांत न्यूमोनियाची भीषण साथ पसरली. अनेक सैनिकांच्या फुप्फुसाभोवती पू साचला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे शल्यविशारद ताबडतोब बरगडी कापून छाती उघडत, आणि सैनिक दगावत. मृत्यूचे सरासरी प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते. काही छावण्यांत ते त्याहून कितीतरी अधिक होते. चौकशीसाठी एक आयोग नेमला गेला. त्यात एव्हार्ट्स ग्रॅहम नावाचे शल्यविशारद होते. त्यांनी दाखवून दिले की आजार नवा असताना, पू पातळ असताना आणि फुप्फुसावरण अजून कोठे चिकटलेले नसताना छाती उघडी केली की हवा आत शिरते आणि दुबळा झालेला श्वास कायमचा थांबतो. आधी सुईने द्रव काढावा, धीर धरावा, पू दाट झाल्यावर व पोकळी बंदिस्त झाल्यावरच मोठा निचरा करावा, अशी पद्धत त्यांनी घालून दिली. मृत्यूचे प्रमाण शेकडा पाचच्याही खाली आले.

म्हणजे छातीच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला गेला तो एका गुंतागुंतीच्या अभ्यासातून. आणि ज्या माणसाने तो घातला, त्याच्याच हातून पंधरा वर्षांनी कर्करोगावरील ती प्रसिद्ध शस्त्रक्रिया घडावयाची होती.

५ एप्रिल १९३३

अमेरिकेतील सेंट लुईस येथील बार्न्स रुग्णालयात त्या दिवशी जेम्स गिल्मोर नावाचे अठ्ठेचाळीस वर्षांचे प्रसूतितज्ज्ञ शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते. डाव्या फुप्फुसात कर्करोग होता. एक खंड काढून भागेल असे ग्रॅहम यांना वाटले होते. छाती उघडल्यावर संपूर्ण फुप्फुस काढणे भाग आहे असे दिसले. दोन वर्षांपूर्वी, १९३१ मध्ये, बर्लिनच्या रुडॉल्फ निसेन यांनी एका मुलीचे फुप्फुस यशस्वीपणे काढले होते, परंतु तो आजार कर्करोगाचा नव्हता. कर्करोगासाठी एका बैठकीत संपूर्ण फुप्फुस काढल्यावर तोवर कोणी जगले नव्हते.

ग्रॅहम यांनी फुप्फुस काढले आणि लगेच सात बरगड्यांचे भागही काढले. आपण विचारू, रोग फुप्फुसात असताना बरगड्या कशासाठी? उत्तर त्या छावण्यांत होते. रिकामी पोकळी म्हणजे पू साचण्याची जागा, हे ग्रॅहम पक्के ओळखून होते. बरगड्या काढल्या की छातीची भिंत आत बसते आणि पोकळी लहान होते. एवढी दक्षता घेऊनही गिल्मोर यांच्या छातीत पू झालाच आणि त्यांना पुन्हा शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागले. रुग्णालयातील त्यांचा मुक्काम दोन महिन्यांहून अधिक लांबला. परंतु ते बरे झाले, पुन्हा आपल्या व्यवसायात रुजू झाले आणि १९६३पर्यंत, म्हणजे तब्बल तीस वर्षे, एका फुप्फुसावर जगले.

या कथेला एक करुण जोड आहे. १९५० साली ग्रॅहम यांनी एर्न्स्ट वाइंडर या विद्यार्थ्यासह फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ६८४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि सिगारेट हे त्याचे मोठे कारण असल्याचे मांडले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये डॉल व हिल यांचा अभ्यासही त्याच निष्कर्षाला पोहोचला. ग्रॅहम स्वतः वर्षानुवर्षे सिगारेट ओढणारे. त्यांनी ती सोडली, पण उशीर झाला होता. १९५७ साली ते फुप्फुसाच्याच कर्करोगाने गेले. दोन्ही बाजूंना पसरलेल्या त्या रोगावर त्यांची स्वतःची शस्त्रक्रिया निरुपयोगी होती. ज्याचे फुप्फुस त्यांनी काढले, तो रुग्ण त्यांच्यानंतर सहा वर्षे जगला.

राजवाड्यातील शस्त्रक्रिया

२३ सप्टेंबर १९५१ रोजी लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात राजे सहावे जॉर्ज यांचे डावे फुप्फुस काढण्यात आले. चार वर्षांपूर्वीपर्यंत हेच आपल्या देशाचे सम्राट होते. शल्यविशारद होते क्लेमेंट प्राइस थॉमस. जाहीर पत्रकात 'फुप्फुसातील रचनात्मक बदल' एवढेच सांगितले गेले. कर्करोग हा शब्द उच्चारला गेला नाही, राजालाही तो कळविण्यात आला नव्हता. डाव्या फुप्फुसाच्या मुळाशी स्वरयंत्राकडे जाणारी नस वळसा घेते. ती तोडावी लागली तर राजाचा आवाज कुजबुजण्याइतका क्षीण होईल, ही थॉमस यांची चिंता होती. फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांचा आवाज घोगरा होतो किंवा पाणी पिताना ठसका लागतो, तो या नसेमुळे. राजांचा आवाज टिकला, पण दम राहिला नाही. त्या वर्षीचा नाताळचा संदेश तुकड्यातुकड्याने ध्वनिमुद्रित करावा लागला. ६ फेब्रुवारी १९५२ च्या पहाटे, झोपेतच, हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन त्यांचे निधन झाले. वय छप्पन्न.

कर्करोग काढला गेला, जखम भरली, आणि तरीही साडेचार महिन्यांनी हृदयाने साथ सोडली. एक फुप्फुस गेल्यावर सर्व रक्त उरलेल्या एकातून ढकलावे लागते आणि हा भार हृदयावर येतो. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नाडी अनियमित होणे ही आजही वारंवार दिसणारी गुंतागुंत आहे. ती बहुधा औषधाने आटोक्यात येते. दुर्लक्ष केले तर जिवावर बेतू शकते.

सेमिनरीतील एक तरुण

कर्करोगाचा नसला तरी छातीतील पोकळीचा आणखी एक दाखला आपल्या वाचकांस जवळचा वाटेल. १९५७ साली ब्युनोस आयरिसच्या सेमिनरीत दुसऱ्या वर्षास असलेला, विशीतला होर्हे बेर्गोलिओ तापाने फणफणला. त्याच्या छातीतून दीड लिटरच्या आसपास पाणी काढावे लागले आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात उजव्या फुप्फुसाचा वरचा खंड काढण्यात आला. पुढे पोप फ्रान्सिस झालेल्या या तरुणाने आपल्या आयुष्याचे श्रेय एका परिचारिकेस दिले. कॉर्नेलिया काराल्यो या व्रतस्थ भगिनीने, डॉक्टर निघून गेल्यावर, पेनिसिलिन व स्ट्रेप्टोमायसीनची मात्रा वाढवावयास लावली होती. रुग्णांजवळ सतत वावरल्यामुळे त्यांना काय हवे हे तिला अधिक कळत होते, असे पोप महोदयांनी नमूद केले आहे. अर्थात, औषधाची मात्रा आपल्या मनाने बदलण्याचा हा परवाना नव्हे. तिच्यापाशी अनुभव होता. या प्रसंगाचे मोल आहे ते जवळ बसून पाहणाऱ्या डोळ्यांचे. ते त्या अपुऱ्या फुप्फुसानिशी सदुसष्ट वर्षांहून अधिक काळ जगले. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही बाजूंच्या न्यूमोनियाने त्यांना रोमच्या जेमेल्ली रुग्णालयात सुमारे पाच आठवडे राहावे लागले आणि २१ एप्रिल २०२५ रोजी वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

आपल्याकडील वाटचाल

भारतात छातीच्या शस्त्रक्रियेचा मार्ग क्षयरोगाने मोकळा केला. प्रभावी औषधे येण्यापूर्वी बरगड्या काढून रोगट फुप्फुस मिटविणे हा क्षयावरचा एक प्रमुख उपाय होता. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९४०च्या दशकाच्या अखेरीस डॉ. रीव्ह बेट्स यांनी छातीच्या शल्यचिकित्सेचा विभाग उभारला. मुंबईत, दोराबजी टाटा विश्वस्तनिधीच्या साह्याने, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या होत्या. या रुग्णालयामागे ती व्यथा होती. गोव्याचे सुपुत्र डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांनी तेथे कर्करोगाच्या शल्यचिकित्सेस आयुष्य वाहिले. परळचा तो रस्ता आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १९६२ पासून ही संस्था अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली आहे, आणि तिचे खारघर येथील केंद्र तर आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे.

क्षयाच्या या सावलीने एक हानीही केली. खोकला, वजन घटणे, थुंकीतून रक्त ही लक्षणे दोन्ही रोगांत सारखीच. एक्स-रेवर डाग दिसला की क्षय समजून महिनोन्‌महिने औषध घेतले जाते, आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. 'हवा लागली की गाठ पसरते' हा समजही अनेकांस शस्त्रक्रियेपासून दूर ठेवतो. योग्य वेळी गाठ पूर्ण काढता आली तर फुप्फुसाच्या कर्करोगात बरे होण्याची सर्वांत मोठी आशा शस्त्रक्रियेतच असते, हे निःसंदिग्धपणे सांगावयास हवे.

धोका किती? १९८३ साली अमेरिकेत २,२२० शस्त्रक्रियांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत दगावणाऱ्यांचे प्रमाण, संपूर्ण फुप्फुस काढल्यास शेकडा ६.२ आणि एक खंड काढल्यास शेकडा २.९ असे आढळले. त्यानंतर दुर्बिणीच्या साह्याने लहान छेदांतून करावयाच्या शस्त्रक्रिया आल्या; संपूर्ण फुप्फुस काढणे शक्य तेथे टाळले जाऊ लागले. परंतु त्या आकड्यांतील भेद आजही बोलका आहे : पोकळी जितकी मोठी, तितका धोका अधिक.

घरी परतल्यानंतर

सर्व गुंतागुंती रुग्णालयातच होत नाहीत. श्वासनलिका जेथे कापून शिवलेली असते तो खुंट काही आठवड्यांनी, क्वचित काही महिन्यांनीही, उसवू शकतो. उजवे फुप्फुस संपूर्ण काढलेल्यांत हा धोका अधिक असतो, कारण त्या बाजूच्या खुंटाला रक्तपुरवठा कमी व भोवतीचे आच्छादन अपुरे. म्हणूनच अनेक शल्यविशारद त्यावर स्नायूचे अथवा हृदयावरणाचे ठिगळ लावतात. खुंट उसवला की पोकळीत साचलेले पाणी श्वासनलिकेत उतरते. रुग्णाला एकाएकी खोकला येतो आणि तोंडावाटे पातळ, तांबूस पाणी भरपूर पडू लागते. आडवे झाल्यावर, विशेषतः चांगल्या बाजूवर झोपल्यास, ते वाढते. हे पाणी शिल्लक फुप्फुसात गेले तर माणूस अक्षरशः घरच्या घरी बुडतो. अशा वेळी रुग्णाला उठवून बसवावे, अथवा शस्त्रक्रिया झालेली बाजू खाली करून कलते ठेवावे, म्हणजे पाणी चांगल्या फुप्फुसाकडे वाहणार नाही. आणि क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

पोकळीत पू होणे ही दुसरी गुंतागुंत. तिची पावले मंद असतात : संध्याकाळचा बारीक ताप, अन्नावरची वासना उडणे, थकवा, जखमेतून स्राव. 'अशक्तपणा आहे, जाईल' असे म्हणून ती अंगावर काढली जाते. तिसरी गुंतागुंत रक्ताच्या गुठळीची. एका पायाला सूज व दुखणे, मग अचानक दम लागणे. चौथी न्यूमोनियाची. वेदनेच्या भीतीने रुग्ण खोकत नाही, कफ आत साचतो आणि फुप्फुसाचा भाग मिटतो. म्हणूनच उशी छातीशी धरून खोकावयास लावणारी, श्वासाचे व्यायाम करून घेणारी आणि दुसऱ्याच दिवशी चालावयास लावणारी ती मंडळी कठोर वाटली तरी रुग्णाचे प्राणच राखत असतात. शस्त्रक्रियेपूर्वी विडी-सिगारेट सोडणे हा या सर्वांवरचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

समुद्राच्या अलीकडे

परळच्या रहिवाशास ताप आला तर तो रिक्षा-टॅक्सीने रुग्णालयात पोहोचतो. मांडवा, किहीम, थळ येथील माणसाची गोष्ट वेगळी. गेटवेच्या लाँची पावसाळ्याचे महिने बंद असतात. रस्त्याने पेण-पनवेलमार्गे मुंबई शंभर किलोमीटरच्या घरात. पावसाळी समुद्राचा अनुभव या किनाऱ्याने घेतलेला आहे : १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. मार्च २०२० पासून मांडवा व भाऊचा धक्का यांच्यामध्ये रो-रो बोट सुरू झाल्याने रुग्णास वाहनासह पलीकडे नेण्याची सोय झाली आहे. परंतु तीही वेळापत्रकाने व हवामानाच्या कलाने चालते, आणि मध्यरात्री उसवलेला खुंट वेळापत्रक पाहत नाही.

म्हणून काही गोष्टी आधीच करून ठेवाव्यात. पहिला महिना-दीड महिना शक्य असल्यास मुंबईतील वा पनवेलकडील नातलगांकडे काढावा. विशेषतः संपूर्ण फुप्फुस काढले असेल आणि तोंडावर पावसाळा असेल तेव्हा. शस्त्रक्रिया कोणत्या बाजूची, काय काढले, कोणती औषधे चालू आहेत, याचा कागद घरात सर्वांस ठाऊक असलेल्या जागी असावा. घरातील मुलासही 'डावी की उजवी' हे सांगता यावे. रात्री-अपरात्री कोणत्या क्रमांकावर विचारावयाचे, आणि जवळचे कोणते रुग्णालय छातीत नळी घालू शकते, हे सुटी मिळण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून लिहून घ्यावे. बोटीची वाट पाहण्यापेक्षा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून अलिबागचे जिल्हा रुग्णालय गाठणे आणि तेथून पुढे जाणे, हे बहुतेक वेळा अधिक शहाणपणाचे.

आपल्या धर्मग्रामांत आजाऱ्यास भेटावयास जाण्याची चांगली प्रथा आहे. रुग्णालयात पहिल्या चार दिवसांत खाटेभोवती गर्दी होते; पुढे, घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, जेव्हा ताप चोरपावलाने येतो, तेव्हा मात्र उंबरठा ओस असतो. पहिल्या दिवसांची गर्दी कमी करून ती भेट या आठवड्यांत द्यावी. जाताना फळे नेली नाहीत तरी चालेल. 'संध्याकाळी अंग गरम लागते का, कफाचा रंग बदलला का, काल किती पावले चाललात?' एवढे विचारावे, आणि उत्तर नीट ऐकून घ्यावे.